वनलुकवर अक्षरांवरून इंग्रजी शब्द शोधणे: खानापुरातल्या ट्युशनचा वर्षभराचा अनुभव

आधीच सांगते, हे कुणी लिही म्हणून सांगितलंय म्हणून लिहीत नाही, पैसे वगैरे तर लांबच. मी खानापुरात, बेळगाव जिल्ह्यातल्या, घरीच ट्युशन घेते, सातवी ते दहावी, जास्त करून मराठी मीडियमची पोरं, संध्याकाळी सोप्यात चटई टाकून बसतात. गेलं वर्षभर मी वनलुक ही वेबसाईट जवळजवळ रोज वापरतेय, आणि आमच्या भागातले बाकीचे ट्युशनवाले, आईवडील, पेपरातलं इंग्रजी शब्दकोडं घेऊन बसणारे रिटायर काका, यातल्या कुणाला विचारलं तर नावसुद्धा ऐकलेलं नसतं, म्हणून वाटलं की एकदा नीट लिहावं.

वनलुक म्हणजे एक डिक्शनरी नाही, बऱ्याच डिक्शनऱ्यांत एकदम शोधून देणारी साईट आहे. शब्द टाकला की तो कुठल्या कुठल्या डिक्शनरीत आहे ते दाखवते. तेवढ्यासाठी मी रिव्ह्यू लिहिला नसता. मला तिचं दुसरं काम आवडतं, म्हणजे शब्द माहीतच नाही पण त्यातली दोनचार अक्षरं माहीत आहेत, तेवढ्यावरून शब्द काढून देणं. फुकट आहे, अकाउंट उघडावं लागत नाही, मोबाईलच्या ब्राउझरवर चालते.

आता हे आमच्या पोरांना एवढं का लागतं ते सांगते, कारण बाहेर बहुतेक लोक असल्या गोष्टीला गेममधली चीटिंग समजतात. आमच्याकडचं पोर घरात मराठी बोलतं, शाळेत मराठी आणि कन्नड दोन्ही लिहितं. दोन्ही लिप्या सरळ आहेत, जसं बोलाल तसं लिहाल, कानाला ऐकू आलं की हात आपोआप लिहितो. अशी दोन सरळ लिप्या शिकलेली पोरं इंग्रजीसमोर बसली की त्यांना वाटतं आपल्यालाच काही येत नाही. तसं नसतं ओ. शब्द त्यांना माहीत असतो, अर्थ माहीत असतो, बोलतातसुद्धा, फक्त कान एक सांगतो आणि स्पेलिंग भलतंच असतं. मग डिक्शनरी उघडायची तरी कशी, डिक्शनरी बघायला आधी स्पेलिंग यायला पाहिजे ना! आम्ही लहानपणी यावर घोकंपट्टीचा उपाय केला, नेचरला ‘नटूरे’, फ्युचरला ‘फुटूरे’, नाईफला ‘कनाईफ’, वेन्सडेला ‘वेडनेसडे’ म्हणत पाठ केलं, आणि खरं सांगते अजून नाईफ लिहिताना माझ्या डोक्यात ‘कनाईफ’च वाजतं. ती पद्धत वाईट नव्हती पण ज्याला कुणी ‘कनाईफ’ शिकवलंच नाही त्यानं काय करायचं.

एक उदाहरण घ्या, नेबर. आठवीतल्या एका मुलीला निबंधात लिहायचं होतं, शेजाऱ्याला नेबर म्हणतात एवढं तिला पक्कं. मी म्हटलं कानाला कुठली अक्षरं नक्की ऐकू येतात ती सांग, ती म्हणाली एन, बी, आर. मग आम्ही टाईप केलं एन, मग स्टार, मग बी, परत स्टार, मग आर. या स्टारचा अर्थ इथं कितीही अक्षरं असू देत, काहीच नसलं तरी चालेल. यादीत नंबर आला, नोव्हेंबर आला, आणि नेबर आला तो मधे ई आय जी एच असं लटांबर घेऊन. तिनं ते बघितलं आणि म्हणाली, ‘टीचर, एवढी अक्षरं गप्पच बसायला आलीत काय?’ ते स्पेलिंग ती आता विसरायची नाही, कारण तिनं ते स्वतः पकडलंय. यादीत ब्रिटिश आणि अमेरिकन दोन्ही दिसतात, एकात यू आहे, एकात नाही, आपल्या पुस्तकात यू असलेलं आहे हे मात्र तिथल्या तिथं सांगावं लागतं.

म्हणजे माझा नियम असा झालाय की कानाला ऐकू येणारी व्यंजनं लिहायची आणि स्वरांच्या जागी स्टार टाकायचा. इंग्रजीत जास्त घोळ स्वरांचाच. एकच स्वर आहे आणि कुठला ते कळत नाही अशा वेळी ऍटचं चिन्ह टाकायचं, ईमेलमधलं असतं ते, ते फक्त स्वर धरतं. बी, ऍट, एन, डी टाकलं की बँड, बेंड, बाइंड, बाँड ही सगळी भावंडं एकापुढे एक येतात, आणि एका अक्षरानं अर्थ कसा फिरतो ते शिकवायला याच्याइतकं सोपं मला दुसरं काही सापडलेलं नाही. हॅशचं चिन्ह याच्या उलट, ते फक्त व्यंजन धरतं. प्रश्नचिन्ह म्हणजे मोजून एक अक्षर, कुठलंही.

पण हा नियम नेहमी चालत नाही. आमच्याकडं एक पोरगा येतो, त्याचे वडील मिलिटरीत. बेळगावात मराठा लाईट इन्फंट्रीचं रेजिमेंटल सेंटर, त्यामुळं या भागात घराघरात कुणी ना कुणी फौजेत असतोच, आणि लेफ्टनंट, कर्नल हे शब्द पोरांच्या तोंडात लहानपणापासून असतात. त्याला लेफ्टनंटचं स्पेलिंग पाहिजे होतं. कानानं ऐकून त्यानं एल, एफ, टी, एन, टी मधे स्टार घालून टाकलं. मिळायचं कसं, त्या शब्दात एफ नाहीच! कर्नलचं तर विचारूच नका, बोलण्यात आर आहे आणि लिहिण्यात आरचा पत्ता नाही, सुरुवात के नं वाटते तर आहे सी. तसंच लग्नाच्या हॉलमध्ये सगळे म्हणतात तो बुके, त्यात के नाही, क्यू आहे, आणि शेवटचा टी मुका.

अशा वेळी वनलुकची जी सोय कामाला येते ती मला बाकी कुठं एवढी साधी मिळालेली नाही. जेवढं अक्षर नक्की माहीत आहे तेवढं टाकायचं, स्टार द्यायचा, मग कोलन (:) देऊन पुढं अर्थ लिहायचा. एल, स्टार, कोलन, आर्मी ऑफिसर. लगेच लेफ्टनंट. सी, स्टार, कोलन, आर्मी ऑफिसर केलं की कर्नल. बी, स्टार, कोलन, फ्लॉवर्स केलं की बुके. म्हणजे कानानं फसवलं तर अर्थ सोडवतो. त्या पोरानं लेफ्टनंट वहीत तीनदा लिहिला आणि घरी जाऊन वडिलांना फोनवर स्पेलिंग सांगितलं म्हणे, दुसऱ्या दिवशी येताना छाती अशी फुगलेली.

आता मूळ मुद्दा, ‘ही ही अक्षरं असलेला शब्द दे’ असं आपण म्हणतो त्याचे खरंतर वेगवेगळे अर्थ होतात आणि बहुतेक ॲप त्यातला एकच धरतात, त्यामुळं लोक वैतागून सोडून देतात. जी, एच, टी ही तीनच अक्षरं घेऊन सांगते. ही तिन्ही चिकटून पाहिजेत, पुढंमागं काहीही असू दे, तर दोन्ही बाजूला स्टार टाका, डॉटर येईल, लाईटनिंग येईल. आणि क्रम कसाही चालेल, फक्त तिन्ही पाहिजेत आणि शब्द पाच अक्षरी पाहिजे, तर आधी दोन स्लॅश (//) द्यायचे, मग जी एच टी, मग दोन प्रश्नचिन्हं. आता नाईट, लाईट, एट तर येतातच पण त्यांच्याच रांगेत घोस्ट येतो, थिंग येतो, गर्थ येतो, मांडीला म्हणतात तो थाय येतो. तीच तीन अक्षरं, घोस्टमध्ये जी बोलतो आणि नाईटमध्ये जी एच दोघं गप्प. पोरांनी विचारलंच, गप्प का. मी सांगितलं की फार पूर्वी इंग्रज लोक तिथं आपल्या ‘ख’च्या जवळचा घशातला आवाज काढायचे, आवाज गेला पण लिहिण्यातनं अक्षरं गेली नाहीत. त्यावर एकजण म्हणाला मग काढून टाकायची की! मला तर ते पटलं.

तिसरा अर्थ, माझ्याकडं असलेल्या अक्षरांतूनच शब्द बनला पाहिजे, बाहेरचं अक्षर नको. त्याला स्टार देऊन प्लस द्यायचा आणि पुढं आपली अक्षरं. इथं एक गोष्ट नीट लक्षात ठेवा, प्लस म्हणजे ‘याच अक्षरांतून’, पण एक अक्षर कितीदा वापरायचं त्याला मर्यादा नाही. पी आणि ए दिलं तर पापासुद्धा येणार. म्हणजे स्क्रॅबलसारख्या, अक्षरांच्या सोंगट्या जुळवून शब्द करायच्या खेळात हातातल्या सोंगट्या मोजायच्या असतील तर ती मोजणी आपण करायची. आम्हाला हे सुरुवातीला लक्षात आलं नव्हतं आणि दोन पोरांत जोरदार भांडण झालं होतं, एक म्हणे शब्द बसतो, दुसरा म्हणे तुझ्याकडं ए एकच आहे. आणि वजा चिन्ह दिलं की पुढची अक्षरं नको असा अर्थ. वर्डल, म्हणजे सहा चान्समध्ये पाच अक्षरी इंग्रजी शब्द ओळखायचा खेळ, तो खेळणाऱ्यांना हे फार कामाचं आहे, राखाडी झालेली म्हणजे शब्दात नसलेली अक्षरं वजापुढं टाकायची, पिवळी झालेली म्हणजे ‘आहे पण इथं नाही’. मी स्वतः सहापैकी चौथ्या चान्सपर्यंत वनलुक उघडत नाही, आधीच उघडलं तर खेळायचं राहतंच काय.

मोजणीसाठी आम्ही सोंगट्या घरी केल्या. लग्नपत्रिकांचा जाड कागद, प्रत्येक घरात एप्रिल मेमध्ये ढीग पडतो, तो कापून शंभर चौकोन. अक्षरांचं प्रमाण खऱ्या स्क्रॅबलचंच ठेवलं, ई बारा, ए आणि आय नऊ नऊ, ओ आठ, आणि क्यू, झेड, जे, एक्स, के फक्त एकेक, दोन कोऱ्या. हे प्रमाण मनानं ठरवलेलं नाही हे पोरांना सांगितलं, १९३० च्या दशकातल्या मंदीत काम गेलेला अमेरिकेतला एक आर्किटेक्ट, आल्फ्रेड बट्स, त्यानं वर्तमानपत्रांची पानं घेऊन कुठलं अक्षर किती वेळा येतं ते मोजलं आणि त्यावरून हा खेळ बसवला. मग आमच्या पोरांनी पण एका इंग्रजी पेपरचा अर्धा कॉलम मोजला आणि खरंच ई सगळ्यात पुढं. अर्धा तास एकही पोर बोललं नाही, दहावीच्या वर्गात असं कधी होत नाही.

आणखी एक शिकवलं ते साईटशिवाय पण चालतं. सात अक्षरं उलटसुलट मांडायची म्हटली तर ५,०४० प्रकारे मांडता येतात, सगळ्या मांडण्या करून कुणी शब्द शोधत नाही, कॉम्प्युटरसुद्धा नाही करत. सोपी युक्ती आहे, शब्दातली अक्षरं एबीसीडीच्या क्रमानं लावायची. लिसन लावला तर ई आय एल एन एस टी. सायलेंट लावला तरी तेच. एन्लिस्ट, टिन्सेल, तेच. म्हणजे ज्या शब्दांची लावलेली अक्षरं सारखी ते सगळे एका घरातले. बहिणीचा मुलगा बेळगावात इंजिनिअरिंगला आहे, त्यानं हे माझ्या जुन्या लॅपटॉपवर करून दिलं, एनेबल नावाची शब्दयादी आहे, १,७२,००० च्या वर इंग्रजी शब्द, पब्लिक डोमेनमध्ये, म्हणजे कुणीही वापरावी. आमच्याकडं पावसाळ्यात लाईट आणि नेट दोन्हीचा भरवसा नसतो, कणकुंबी जांबोटीकडची पोरं तर सांगतात चार चार दिवस मोबाईलला रेंज नाही, तेव्हा हा लॅपटॉप बॅटरी असेपर्यंत उपयोगी पडतो. पण त्यात अर्थ नाहीत, नुसते शब्द, म्हणून वनलुकची जागा तो घेऊ शकत नाही.

वनलुक मिळायच्या आधी मी फोनवर तीन चार ॲप घालून बघितली होती, नावं घेत नाही. एकात अक्षरं टाकली की आधी अर्धा मिनिट जाहिरात, ती बंद करायची फुली एवढी बारीक की पोराचं बोट बाजूला लागलं आणि भलतंच काहीतरी डाउनलोड व्हायला लागलं. दुसऱ्यात शब्द भरपूर पण अर्थ बघायला पैसे मागत होतं. पोरांच्या हातात द्यायचं तर असलं नको.

आता वनलुकमध्ये काय सांभाळायचं तेही सांगते. खूप डिक्शनऱ्यांत शोधत असल्यामुळं यादीत माणसांची नावं, गावांची नावं, दोन तीन शब्दांचे वाक्प्रचार सगळं येतं. मोठ्या माणसाला चालतं, सातवीच्या पोराला त्यातला रोजच्या वापराचा शब्द कुठला ते कळत नाही. मी नियम केलाय की यादीतला शब्द वहीत उतरवायच्या आधी त्यावर टॅप करून अर्थ वाचायचा आणि मराठीत मला सांगायचा, सांगता आला तरच उतरवायचा. आणि नको ते शब्दही यादीत येऊ शकतात, डिक्शनरीत असतात तर येणारच, म्हणून लहान पोरांच्या हातात एकट्यानं देऊ नका, शेजारी बसा. मोबाईलवर टाईप करताना स्लॅश, स्टार, हॅश शोधायला कीबोर्डची दोन पानं उलटावी लागतात आणि फोनचा कीबोर्ड मधेच स्वतःच्या मनानं शब्द सुधारतो, ते ऑटोकरेक्ट बंद करून ठेवा नाहीतर डोकं फिरतं. शक्य असेल तर कॉम्प्युटरवर वापरा, फार सुटसुटीत जातं.

मार्क द्यायचे तर पाचपैकी साडेचार देईन. अर्धा मार्क कापला तो चिन्हांसाठी, मराठी मीडियमच्या पोराला एवढी चिन्हं लक्षात ठेवायची म्हणजे पहिला आठवडा जड जातो. मी एका पुठ्ठ्यावर सगळी चिन्हं आणि मराठीत अर्थ लिहून भिंतीला लावलाय, आता बघावं लागत नाही.

शनिवारी आम्ही गावांची नावं टाकून शब्द काढतो, हे पोरांचं सगळ्यात आवडतं. खानापूरच्या अक्षरांतून पंका निघाला, इंग्रजी डिक्शनरीत आहे, आपला पंखाच तो, साहेबांच्या डोक्यावर छताला टांगलेला मोठा कापडी पंखा, जो दोरी ओढून माणूस हलवायचा. आपलाच शब्द परदेशात जाऊन आला आणि आपल्याच गावाच्या नावात बसला! बेळगावची तर दोन स्पेलिंग, आधीचं ‘बेलगाम’ आणि १ नोव्हेंबर २०१४ पासूनचं सरकारी ‘बेळगावी’, आम्ही घरात बेळगावच म्हणतो, पण दोन्ही टाकून बघितली. जुन्यातून अल्बम, गॅम्बल आणि बेलुगा, तो पांढरा देवमासा. नव्यातून व्हायेबल, आणि गेव्हियल म्हणून एक शब्द, अर्थ उघडला तर लांब तोंडाची सुसर, आपल्याकडच्या घडियाल शब्दावरूनच इंग्रजीत गेलेला. धारवाडमधून अवॉर्ड निघाल्यावर धारवाडला मामा असलेली मुलगी आठवडाभर तेच सांगत होती.

लोंढ्याचा एक पोरगा मावशीकडं राहून खानापुरात शिकतो, एरवी तोंडातनं शब्द काढत नाही. गेल्या शनिवारी त्याची पाळी. पाचच अक्षरं, एल ओ एन डी ए, बाकीची पोरं म्हणाली यातनं काय निघणार, लँड नाहीतर लोन. तो म्हणाला, सगळी अक्षरं वापरून बघू की टीचर. दोन स्लॅश टाकून पाची अक्षरं टाकली आणि नोडल आला, एकही अक्षर न उरता. मी विचारलं, अर्थ? त्यानं उघडून वाचला, थोडा वेळ स्क्रीनकडं बघत बसला, मग म्हणाला, ‘जिथं सगळीकडनं येऊन मिळतं ते. आमच्या लोंढ्यातनं रेल्वेची एक लाईन बेळगावला, एक हुबळीला, एक गोव्याला. हे जंक्शनच की ओ टीचर.’